उन्हात ठेवलेली खुर्ची

त्यांना मी कधी हाक मारली नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की मला नावाने हाक मार, इथे सगळे तसंच करतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नावाने हाक मारणं मला जमणार नव्हतं, आणि मिस्टर म्हटलेलं त्यांना आवडत नव्हतं. म्हणून काही विचारायचं असलं की मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि ते रंधा थांबवून वर बघेपर्यंत वाट पाहायची. कधी कधी बराच वेळ लागायचा. लाकडाच्या पातळ सालींची भेंडोळी त्यांच्या पायाशी पडत राहायची आणि खिडकीतलं ऊन त्यांच्यावर सरकत राहायचं. पुढे पुढे मला ती वाट बघणंच आवडायला लागलं. काय विचारायचं होतं ते मी विसरूनही जायची.

लग्न करून सांता क्लाराला आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नवरा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला गेला की अपार्टमेंटमध्ये फक्त फ्रिजचा आवाज उरायचा. मी चालायला बाहेर पडायची. रस्त्यावर चालणारी मी एकटीच असायची, बाकी सगळे गाड्यांमध्ये. कॉम्प्युटर कंपन्यांच्या नव्या, काचेच्या इमारतींच्या मध्येमध्ये जर्दाळूच्या बागांचे तुकडे अजून उरले होते. अशाच एका बागेमागे पत्र्याच्या छपराची एक लांबट शेड होती आणि तिच्यातून साबणाचा वास यायचा. मला वाटलं, लाँड्री असेल. एकदा दार उघडं होतं म्हणून मी डोकावले, तर आत खुर्च्याच खुर्च्या. छताला टांगलेल्या, भिंतीला टेकलेल्या, काही बिनपायांच्या, काही बिनपाठीच्या. सगळ्या पांढुरक्या, मोडल्यासारख्या नाही, झोपल्यासारख्या.

"कोणाला शोधतेस?" आतून एका बाईने विचारलं.

"कोणालाच नाही."

"मग आत ये."

ती त्यांची मुलगी. पस्तिशीची, जाड वेणी घालणारी, बँकेतली नोकरी सोडून वडिलांच्या हाताखाली आलेली. वर्कशॉप त्या दोघांचंच. खुर्च्यांच्या बैठका ती कागद पिळून केलेल्या दोरीने विणायची. पूर्वी हे काम तिची आई करायची. आई गेल्यापासून काम साठत चाललं होतं. मी दोन दिवस नुसती बघत उभी राहिले. तिसऱ्या दिवशी तिने दोरीचं टोक माझ्या हातात दिलं.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेत मराठी बोलायला बंदी होती आणि घरी इंग्रजी बोललं की पाहुणे हसायचे. त्यामुळे मला दोन्ही भाषांमध्ये गप्प बसता येतं. अमेरिकेत आल्यावर कळलं की माझं ते शाळेतलं इंग्रजीही इथे कोणाला पटकन समजत नाही. मुलीच्या वडिलांचं इंग्रजीसुद्धा शिकून घेतलेलं होतं. ते डेन्मार्कचे. आधी मनात वाक्य जुळवायचे, मग बोलायचे. मीही तसंच करायची. आमच्या बोलण्यात मोठाल्या मोकळ्या जागा असायच्या आणि त्या भरायची घाई दोघांनाही नसायची.

त्यांना एक सवय होती. हातातलं काम थोडं पुढे गेलं की ते खुर्ची माझ्यासमोर आणून ठेवायचे.

"बस."

मी बसायची.

"कशी आहे?"

"छान आहे."

"तू सगळ्यालाच छान म्हणतेस."

"बाबा, तिला छळू नका," मुलगी तिकडून म्हणायची. "वाईट म्हटलेलं तुम्हाला तरी कुठे चालतं?"

"मी खुर्ची बघत नाहीये. ही कशी बसते ते बघतोय." मग माझ्याकडे वळून, "तू दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखी बसतेस."

"दुसऱ्याचीच आहे," मी म्हटलं.

ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मी मात्र तशीच खुर्चीच्या कडेला टेकून होते, पर्स मांडीवर धरून.

ज्या खुर्चीवर ते मला बसवायचे ती एकच खुर्ची त्यांनी काही वर्षांत कितीदा तरी केली होती. दर वेळी थोडी बारीक, थोडी हलकी. पाठ आणि दोन्ही हात मिळून एकच वळण होतं, आणि ते बसणाऱ्याच्या मनगटापाशी येऊन संपायचं. ते संपणं फार सुंदर होतं. तिथली कड इतकी हळुवार होती की बोट कधी लाकडावरून हवेत गेलं ते कळायचं नाही. ती कड त्यांनी वसंतात, हात बरे असताना केली होती. आता सकाळी कॉफीचा कप त्यांच्या बशीवर वाजत राहायचा. "तसे दिवस आता येत नाहीत," मुलीने मला दोरी विणता विणता हळूच सांगितलं.

आणखीही एक गोष्ट तिने सांगितली. खुर्च्या पूर्वीसारख्या विकल्या जात नव्हत्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या दुकानातून ऑक्टोबरमध्ये खरेदी बघणारी बाई येणार होती. तिने ही खुर्ची घेतली तर वर्कशॉप चालू राहील. नाही घेतली तर ख्रिसमसनंतर शेड सोडायची आणि मुलीने परत बँकेत जायचं. "मला परत जायचं नाहीये," ती म्हणाली, आणि गाठ जरा जास्तच जोरात ओढली.

माझा पाय एकदा खाली पडलेल्या लाकडी हातोडीला लागला. मी वाकून तिला हात लावला आणि तो कपाळाला नेला. हे आपण करतो तेव्हा करतोय हे आपल्याला कळतही नाही. त्यांना कळलं.

"हे काय केलंस?"

मी सांगितलं. मग हत्यारांचं आपल्याकडे काय काय असतं तेही सांगावं लागलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, त्या दिवशी ती वापरत नाहीत.

"एक दिवस रंध्याला सुट्टी," ते म्हणाले. त्यांना ते फार आवडलं. "या वर्षी तो दिवस कधी आहे? इथे कर."

मी घाबरले. मला यातलं काही येत नव्हतं. आमच्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये खंडेनवमीला बाबांच्या स्कूटरला झेंडूची माळ पडायची, एवढंच मला माहीत. म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. त्या पुण्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि माझ्यापेक्षाही जास्त कंटाळल्या होत्या.

"सुताराकडे? अमेरिकेतल्या?" त्यांचे डोळे चमकले. "चल की. पण एवढा हुशार माणूस, त्याला इतक्या वर्षांत कोणी हळदकुंकू लावून दिलं नाही?"

"काकू, तिथे जास्त काही नको हं."

"जास्त काय, दोन फुलं आणि हळदकुंकू. मी काय होम करणारे?"

तर खंडेनवमीच्या सकाळी आम्ही बागेतून चालत निघालो. काकूंच्या अंगावर सुती साडी, तिच्यावर मुलाचा स्वेटर, पायात सुनेचे कॅनव्हासचे बूट, हातात झाकण लावलेलं ताट. दारात त्यांनी बूट काढले. मुलगी धावत आली, "नको, नको, खाली खिळे आहेत."

मी ते काकूंना सांगितलं.

"देवापुढे बूट घालून जाऊ?"

"ती विचारतेय, देव कुठे आहे?" मी मुलीचा प्रश्न काकूंना सांगितला.

"हा काय," काकूंनी रंध्याकडे बोट दाखवलं आणि अनवाणी आत गेल्या.

मुलीच्या वडिलांनी टेबलावर हत्यारं ओळीने मांडून ठेवली होती. रंधे, करवती, पटाश्या, कानशी. सगळी पुसून तेल लावलेली. शेजारी ती खुर्ची होती. दुकानातली बाई परवा येणार म्हणून मुलीने तिला सकाळीच साबणाने धुतलं होतं. ही त्यांची पद्धत. लाकडाला पॉलिश नाही, रंग नाही. साबणाचा चुरा गरम पाण्यात कालवायचा, कापडाने लाकडावर चोळायचा आणि वाळू द्यायचा. लाकूड मग दुधासारखं दिसतं आणि हाताला उबदार लागतं. ती अजून दमट होती.

"भाऊ, जरा सरका," काकू मराठीतच म्हणाल्या. ते लगेच सरकले. मला इतक्या दिवसांत जे जमलं नव्हतं ते काकूंनी आल्या आल्या केलं होतं, आणि त्यांनाही ते हाक मारल्यासारखंच वाटलं असावं.

काकूंनी खुर्चीकडे बघितलं. "चांगली आहे गं. रंगवायची राहिलीय का?"

"काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"छान आहे म्हणाल्या."

"एवढ्याशा शब्दाला एवढं मोठं वाक्य?" मुलगी म्हणाली.

काकूंनी वाटीतली ओली हळद बोटाने एकेका हत्याराला लावली, मग कुंकू, मग फूल. ते हात जोडून उभे होते. कोणी सांगितलं नव्हतं. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, त्यात लाकडाची धूळ हळूहळू खाली उतरत होती आणि झेंडूचा वास साबणाच्या वासात मिसळला होता. मला वाटलं, मी कुठे आहे हे मला आत्ता कोणी विचारलं तर पटकन सांगता येणार नाही. शेवटच्या पटाशीला फूल वाहून काकू खुर्चीकडे वळल्या. त्यांचा हात तिकडे जाताना मी बघत होते आणि मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. नवीन वस्तूला हळदकुंकू लावतात. फ्रिजला लावतात, गाडीला लावतात. खुर्चीच्या हाताच्या टोकाला, जिथे ती कड हवेत मिसळायची नेमकं तिथे, काकूंनी हळदीचं बोट टेकवलं.

पिवळा ठिपका कडेकडेने लाल होऊ लागला. आधी वीटकरी, मग थेट कुंकवासारखा.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "कुंकूच झालं की. हळदीचंच करतात म्हणा ते."

मुलीने ओलं फडकं आणून पुसलं. ठिपका पसरला. लाकूड उघडं होतं, त्याने रंग आत ओढून घेतला. तिने पॉलिश पेपरचा तुकडा उचलला.

"नको," ते म्हणाले.

"वरवर घासते, बाबा."

"वरवर घासलं तरी कड जाईल. ती मला परत करता येणार नाही." त्यांनी आपला उजवा हात समोर धरला. आम्ही सगळ्यांनी तो बघितला. मग त्यांनी तो खिशात घातला.

"काय गं, बिघडलं का काही?" काकूंनी मला विचारलं.

"काकू, परवा ही खुर्ची बघायला माणसं येणारेत."

"मग आधी नाही का सांगायचं. घरातली समजून लावली मी."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. आणि मग मी बोलले. कोणी विचारलेलं नसताना मी त्या शेडमध्ये बोललेलं ते पहिलं वाक्य असेल.

"उन्हात ठेवा."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मला शाळेतले माझे पांढरे ब्लाउज आठवत होते. डब्यातल्या भाजीचा डाग पडायचा, साबण लावला की तो लाल व्हायचा आणि मी रडायची. आई म्हणायची, उन्हात टाक, जाईल. गॅलरीतल्या दोरीवर दुपारभर ठेवलं की जायचा.

"हो की," काकू म्हणाल्या. "ऊन खातं हळद. मलाही सुचलं नाही बघ."

मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, हे लाकूडही उन्हाने रंग बदलतं. एकाच हाताला ऊन दिलं तर तो दुसऱ्यापेक्षा पिवळा दिसेल. म्हणजे सगळ्या खुर्चीला सारखं ऊन द्यावं लागेल, फिरवत फिरवत.

असे आम्ही दोन दिवस बागेच्या कडेला बसलो. मुलगी आत विणत होती. जर्दाळू वाळवायच्या जुन्या लाकडी ट्रेंवर खुर्ची ठेवली होती, ते एका उलट्या खोक्यावर बसले होते आणि मी जमिनीवर. ऊन सरकलं की ते उठायचे आणि खुर्ची थोडी फिरवायचे. खुर्चीची सावली गवतावर पडायची. तीही एक खुर्चीच होती, आडवी, लांबलचक, आणि दुपारी ती आखडून खऱ्या खुर्चीच्या पोटाखाली जाऊन बसायची. दूरवरून फ्रीवेचा आवाज यायचा, समुद्रासारखा. ते म्हणाले, डोळे मिटले तर त्यांना त्यांचं गाव वाटतं. बंदराचं गाव होतं.

"त्या बाई खरं काय म्हणाल्या होत्या?" त्यांनी मधेच विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "रंगवायची राहिलीय का, असं विचारलं."

ते हसले.

"माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं."

वडिलांचं तिथे वर्कशॉप होतं आणि त्यांच्याही वडिलांचं तेच. दारं, चर्चची बाकं, शवपेट्या. सगळ्याला गडद तपकिरी रंग, कारण गिऱ्हाइकाला गडद म्हणजे मजबूत वाटायचं. ते स्वतः कोपनहेगनला जाऊन फर्निचरचं ड्रॉइंग शिकले आणि घरी येऊन त्यांनी एक खुर्ची केली, उघड्या लाकडाची, साबणाने धुतलेली. स्वयंपाकघरातली टेबलं बायका तशीच धुवायच्या. मग खुर्ची का नको? एका रविवारी ते बाहेर गेले होते. परत आले तर वडिलांनी ती रंगवून वाळत ठेवली होती.

"रागाने?"

"नाही. मदत म्हणून. मी विसरलोय असं त्यांना वाटलं." त्यांनी उठून खुर्ची फिरवली. "मी त्याच महिन्यात निघालो."

बाकीचं त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं, मधे झोप लागल्यासारखे थांबत. जहाजाने न्यूयॉर्क, मग इकडे पश्चिमेला. मग अशी वर्षं आली की अमेरिकेत प्रत्येकाला डॅनिश खुर्ची हवी होती. या शेडमध्ये तेव्हा इतके लोक होते की दुपारचं जेवण बाहेर झाडाखाली व्हायचं. त्यांच्या खुर्च्या लायब्रऱ्यांमध्ये गेल्या, विमानतळावर गेल्या. बायको विणायची आणि विणताना गायची. मग क्रोमच्या खुर्च्या आल्या, प्लास्टिकच्या आल्या. माणसं एकेक करून कॉम्प्युटर कंपन्यांत लागली. ते एकच खुर्ची परत परत करत राहिले, कारण तिच्यातून अजून काहीतरी काढून टाकता येईल असं त्यांना वाटत होतं.

"आणि वडिलांचं वर्कशॉप?"

"ते एकटे होते. त्यांनी बरीच वर्षं चालवलं. मग दार लावून घेतलं." त्यांनी डागाकडे वाकून बघितलं. "फिका होतोय."

दुसऱ्या दिवशी काकू सगळ्यांसाठी थालीपीठ घेऊन आल्या. "भाऊंना तिखट चालतं का विचार," म्हणाल्या, आणि उत्तर यायच्या आत त्यांच्या हातात बशी दिली. काकूंचं बोट अजून पिवळं होतं. त्या दर थोड्या वेळाने खुर्चीपाशी जाऊन बघायच्या, तापलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावून बघतात तसं. संध्याकाळी सावली बागेपर्यंत पोचली तेव्हा डाग गेला होता. ज्यांना माहीत होतं त्यांना तिथे एक हलकी गुलाबी आठवण दिसली असती, बाकी कोणाला नाही.

दुकानातली बाई सकाळी आली. उंच खांद्यांचा कोट, छोटे केस, बोलणं मऊ. ती खुर्चीत बसली आणि तशीच बसून राहिली. तिचा हात कडेवरून पुढे गेला आणि हवेत थांबला. मुलीने माझा हात धरला होता, इतका घट्ट की बांगडी रुतली.

"सुंदर आहे," ती बाई म्हणाली. "इतकी सुंदर खुर्ची मी बऱ्याच दिवसांत बघितली नाही. पण खरं सांगते, पांढरं लाकूड आता कोणी घेत नाही. अक्रोडासारखा गडद रंग दिलात तर आम्ही घेऊ. आत्ताच सांगते, आणि पुढेही मागवू."

मुलीने हात सोडला. तिचा चेहरा बँकेत परत गेल्यासारखा झाला. "आमच्याकडे लाकूड रंगवत..."

"देऊ," ते म्हणाले.

"बाबा?"

"रंग देऊ. ही एक सोडून. ही अशीच राहील."

ती बाई गेल्यावर मुलगी बराच वेळ हातातल्या दोरीचं रीळ उलगडत आणि गुंडाळत उभी राहिली. "मला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणालात का?"

"लाकडाबद्दल माझंच बरोबर होतं," ते म्हणाले. "अजूनही आहे. तू परत बँकेत जाऊ नकोस."

झेंडूची सुकलेली फुलं टेबलावरून उचलून त्यांनी खिडकीत ठेवली आणि रंध्याला हात घातला.

शेड राहिली. एक तरुण जोडपं कामाला आलं, लाकूड तीच दोघं कापतात, मुलगी जोडते, मी विणते. आणि रंग ते स्वतः देतात. ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. रंग द्यायला हात स्थिर असावा लागत नाही. फडकं बुडवायचं आणि चोळत राहायचं. हात थरथरला तरी लाकडाला कळत नाही. दुपारी ते दाराशी उन्हात बसून खुर्च्या तपकिरी करतात, आणि मधेच मान वर करून, काहीतरी ऐकू आल्यासारखे, बागेकडे बघत राहतात.

काकू पुण्याला परत गेल्या. पत्रात भाऊंची चौकशी करतात. पांढरी खुर्ची दारापाशी असते. परवा मी विणून दमले आणि तिच्यात जाऊन बसले. पर्स कुठे होती कोण जाणे. पाठ टेकली, डोळे मिटले. फ्रीवेचा आवाज येत होता.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"हात जरा उंच आहेत," मी डोळे न उघडता म्हटलं. "माझ्या खांद्यांना."

मी डोळे उघडले तर ते माझ्यासमोर उभे होते, मी बघायची वाट पाहत.

"किती उंच?" त्यांनी विचारलं, आणि दाखव म्हणून हात पुढे केले.

"बाबा, तिला हात लावू नका," मुलगी आतून ओरडली. "डाग पडतील."

त्यांनी हात तसेच हवेत धरले आणि त्यांच्याकडे बघितलं. नखांपर्यंत तपकिरी झाले होते.

"माझ्या वडिलांचे असेच असायचे," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यांकडे नजर लावून, हात न लावता, ते ती उंची मापू लागले.